कीटकनाशकाच्या बाटलीवरचा त्रिकोण : उंदरांतली मात्रा आणि फवारणारा माणूस

शेवंती (धागाकर्ती)

शेतीच्या एका धाग्यावर मध्यंतरी कुणीतरी लिहिलं होतं, "निळा त्रिकोण आहे, म्हणजे औषध साधं आहे. हातमोजे कशाला?" खाली पाच-सहा जणांनी दुजोरा दिला. तिथे उत्तर लिहायला बसले, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते आहे.

माझी सगळी नोकरी विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. कीटकनाशकं उंदरांना ठरावीक मात्रेत द्यायची आणि काय होतं ते बघून लिहून ठेवायचं, हे काम. बाटलीवरचा रंग ज्या आकड्यावरून ठरतो, तसे आकडे माझ्या हातून गेले आहेत. तो आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

त्या आकड्याचं नाव एलडी५०. ज्या मात्रेला प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा, दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. आकडा जितका लहान तितकं विष जहाल. ब्रिटनमध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये ही पद्धत मांडली, ती डिजिटॅलिस आणि इन्सुलिनसारख्या औषधांची ताकद मोजता यावी म्हणून. कीटकनाशकांना ती पुढे लागू झाली. उंदरांना तोंडावाटे दिल्यावर फोरेटचा आकडा २ च्या आसपास येतो, मोनोक्रोटोफॉसचा १४, क्लोरपायरिफॉसचा १३५, इमिडाक्लोप्रिडचा ४५०, आणि क्लोरअँट्रानिलिप्रोलचा ५,००० च्याही वर. आपल्याकडच्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे १ ते ५० ला लाल त्रिकोण, ५१ ते ५०० ला पिवळा, ५०१ ते ५,००० ला निळा आणि त्यापुढे हिरवा.

आता हा आकडा कसा मिळतो ते बघा. तरुण, निरोगी, एकाच वंशाचे पांढरे उंदीर. आदल्या रात्री उपाशी ठेवलेले. एकच रसायन, एकदाच, नळीने थेट पोटात. नंतर १४ दिवस निरीक्षण. शेवटी हिशेब एवढाच, की किती मेले. फवारणाऱ्या माणसाचं वय, तब्येत, पोटातलं अन्न, अंगावरचा घाम, पंपातली मिश्रणं, कामाचे दिवस यांतलं काहीही या मांडणीत नाही.

आणि मरणाच्या अलीकडे किती काय घडतं! ऑर्गेनोफॉस्फेट गटाचं, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस वगैरेंचं, उदाहरण घेते. हे रसायन कोलिनेस्टरेझ नावाचं एन्झाइम अडवतं. नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना गेलेला निरोप थांबवायचं काम या एन्झाइमचं. ते अडलं की निरोप चालूच राहतो. सगळ्यांत कमी मात्रेच्या गटातला उंदीर खातो, पितो, वजन वाढवतो. पिंजऱ्याबाहेरून काही कळत नाही. रक्त तपासलं तर मात्र कोलिनेस्टरेझ उतरलेलं असतं. वरच्या गटात लाळ गळायला लागते, मूत्र सुटतं, डोळ्यांतून लालसर पाणी येतं. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतलं रंगद्रव्य असतं, पण पहिल्यांदा बघणारा हादरतोच. त्याच्याही वर पाठीच्या स्नायूंची फडफड, थरथर, फरफटत चालणं, अंग गार पडणं. मग झटके आणि श्वास बंद. एलडी५० मध्ये यातली फक्त शेवटची पायरी मोजली जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेची संयुक्त तज्ज्ञ समिती मेंदूतलं कोलिनेस्टरेझ २० टक्क्यांनी उतरलं तरी त्याला विषारी परिणाम धरते, मग प्राणी वरून कितीही ठणठणीत दिसो.

निळ्या त्रिकोणाच्या बाटलीबद्दल "साधं आहे" म्हणणाऱ्यांनी हा मधला सगळा पट्टा डोळ्यांसमोर आणावा. प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते.

अंगणवेल

वाचनखूण साठवली. सावकाश वाचून विचारते.

पऱ्हाटीवाला

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातला. २०१७ चा हंगाम अजून डोक्यातून जात नाही. बाजूच्या गावातला एक माणूस गेला, ओळखीचा होता. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, फवारा मारला की अर्धा अंगावरच यायचा. मजुराले पंपामागे पैसे, म्हणून सकाळपासून अंधार पडेस्तोवर मारत राहायचे. सदरा ओला तं ओला. मले एक समजत नाही. तेव्हा जे वापरलं ते सगळंच काही लाल त्रिकोणाचं नव्हतं. मंग एवढे लोक काहून गेले?

शेवंती

पऱ्हाटीवाला दादा, तुमचा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक माणसं गेली आणि शेकडो जण दवाखान्यात होते. त्यानंतर सरकारने पश्चिम विदर्भात पाच उत्पादनांची विक्री काही काळ थांबवली : मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेंथियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण, आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिडचं मिश्रण. यातल्या मूळ रसायनांचे उंदरांतले तोंडावाटेचे आकडे पाहा. मोनोक्रोटोफॉस १४. फिप्रोनिल ९० च्या थोडं पुढे. प्रोफेनोफॉस ३५८. अ‍ॅसिफेट ९४५. डायफेंथियुरॉन २,००० च्या वर. लाल पट्ट्यात बसणारं यात एकच.

पहिलं कारण, विष शरीरात जाण्याची वाट. रंग बघताना सगळ्यांच्या डोक्यात तोंडावाटेचा आकडा असतो. फवारणाऱ्याच्या अंगात ते कातडीतून आणि श्वासातून जातं. कातडीसाठी वेगळी चाचणी आहे : उंदराच्या पाठीवरचे केस काढायचे, शरीराच्या साधारण दहा टक्के भागावर रसायन लावून पट्टी बांधायची, २४ तास ठेवायची, मग धुऊन टाकायची. डोक्यावरून गळणारा फवारा, भिजलेला सदरा, उन्हाने आणि घामाने उघडलेली कातडी, आणि हे दिवसामागून दिवस, अशी स्थिती त्या चाचणीत नसते.

दुसरं कारण, साचत जाणं. ऑर्गेनोफॉस्फेटने अडवलेलं कोलिनेस्टरेझ लगेच परत येत नाही. तांबड्या पेशींतलं तर दिवसाला जेमतेम एक टक्क्याच्या वेगाने भरून निघतं. सोमवारी थोडं उतरलं, मंगळवारी अजून थोडं. आम्ही ९० दिवसांच्या अभ्यासात उंदरांना एलडी५० च्या कितीतरी पट खालची मात्रा रोज देतो आणि तरी काही आठवड्यांत एन्झाइम घसरलेलं दिसतं. माणसाला पहिल्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून त्याला औषध अंगवळणी पडलं असं वाटतं. आणि एखाद्या दिवशी, नेहमीइतकंच फवारून, तो कोसळतो.

तिसरं, मिश्रण. पंपात दोन-तीन बाटल्या एकत्र ओतल्या जातात. याचा धडा विषशास्त्राला १९५७ मध्येच मिळाला होता. मॅलॅथिऑन आणि ईपीएन ही दोन ऑर्गेनोफॉस्फेटं उंदरांना आणि कुत्र्यांना एकत्र दिली, तेव्हा बेरजेने यायला हवा त्याच्या कित्येक पट जास्त परिणाम झाला. मॅलॅथिऑन सस्तन प्राण्यांत सौम्य ठरतं, कारण आपलं यकृत त्याला कार्बॉक्सिलएस्टरेझ नावाच्या एन्झाइमने तोडून टाकतं. ईपीएनने नेमकं तेच एन्झाइम बंद पाडलं. प्रोफेनोफॉससारखी रसायनंही याच जातीची एन्झाइमं अडवतात, आणि सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली रसायनं पचवायला शरीराला तीच लागतात. एकेका रसायनाचा त्रिकोण बघून पंपातल्या मिश्रणाचा अंदाज करता येत नाही.

आकडेमोड

उत्तम धागा. संख्याशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो. दोन रसायनांचा एलडी५० अगदी सारखा असला तरी त्यांचा चढ, म्हणजे मात्रा वाढेल तसे मृत्यू किती झपाट्याने वाढतात ते, वेगळा असू शकतो. एक कसारा घाटासारखं एकदम चढतं, दुसरं लांबून हळूहळू. पहिल्यात मात्रा दुप्पट झाली की शून्य मृत्यूवरून जवळपास सगळेच मृत्यू. दुसऱ्यात अगदी कमी मात्रेलाही एखादा दुबळा प्राणी जातो. एकच आकडा छापला की हा फरक पुसला जातो.

शेवंतीताई, एक विचारायचं होतं. "ज्या मात्रेला काहीच दिसलं नाही" ती मात्रा सुरक्षित मर्यादा ठरवायला वापरतात ना? प्रत्येक गटात प्राणी किती असतात?

शेवंती

आकडेमोड, ९० दिवसांच्या अभ्यासात प्रत्येक गटात १० नर आणि १० मादी. दोन वर्षांच्या कर्करोग-अभ्यासात ५० आणि ५०. मात्रेचे किमान तीन गट आणि एक विनामात्रा. सगळ्यांत वरची मात्रा अशी निवडायची की विषाचा परिणाम दिसला पाहिजे, पण प्राणी मरता कामा नयेत.

ज्या सर्वांत मोठ्या मात्रेला कुठलाही अपायकारक परिणाम सापडला नाही तिला एनओएईएल म्हणतात. तिला १०० ने भागून माणसाने आयुष्यभर रोज खाल्लं तरी चालेल अशी मर्यादा काढतात. त्या १०० मधले १० उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, आणि १० माणसामाणसांतल्या फरकासाठी.

आकडेमोड

आभार. मग हे सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. १० प्राण्यांत एकालाही काही झालं नाही, तर खरा धोका शून्य आहे असं म्हणता येत नाही. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की तो सुमारे २६ टक्क्यांहून कमी आहे. ५० प्राण्यांत कुणालाच काही नाही, तर ६ टक्क्यांहून कमी. शिवाय एनओएईएल ही अभ्यासकाने निवडलेल्या मात्रांपैकीच एक असते. त्याने १, १० आणि १०० निवडल्या आणि परिणाम १०० ला दिसला, तर उत्तर १० येतं. खरा उंबरठा १२ असेल किंवा ९०. म्हणून सगळ्या बिंदूंतून वक्र काढून, ठरावीक टक्के परिणामाची मात्रा शोधायची बेंचमार्क-मात्रेची पद्धत १९८४ मध्ये क्रम्प यांनी मांडली. मला ती जास्त प्रामाणिक वाटते, कारण लहान गट घेणाऱ्याला त्यात फायदा होत नाही. जुन्या पद्धतीत कमी प्राणी घेतले की परिणाम नजरेतून सुटतो आणि मर्यादा उलट सैल होते.

मनीमाऊ

मला वाचवत नाहीये हे. लालसर पाणी, झटके... इतक्या मुक्या जिवांना मारून शेवटी जो आकडा मिळतो तो माणसालाही नीट लागू पडत नसेल, तर हे कशासाठी चालू आहे?

शेवंती

मनीमाऊ, तुमची कळकळ मला परकी नाही. या कामात असलेल्या बऱ्याच जणांनी हाच प्रश्न लावून धरला म्हणूनच पद्धती बदलल्या. मूळ एलडी५० चाचणीला एका रसायनामागे चाळीस ते शंभर प्राणी लागत. ती मार्गदर्शिका ओईसीडीने, म्हणजे चाचण्यांच्या पद्धती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २००२ मध्ये रद्द केली. आता एकेका प्राण्याला पायरीपायरीने मात्रा देत वर-खाली जायची पद्धत आहे, तीत बहुतेक वेळा दहाच्या आत काम होतं. दुसऱ्या एका पद्धतीत मृत्यूची वाटच बघत नाहीत. विषबाधेची स्पष्ट लक्षणं दिसली की थांबतात. भारतात प्राण्यांवरच्या प्रत्येक अभ्यासाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते.

हे थांबावं असं मलाही वाटतं. पण आज जे रसायन शेतात जाणार आहे, त्याबद्दल पहिली माहिती माणसाच्या अंगावर मिळावी हे मला त्याहून वाईट वाटतं. ज्या उंदरांनी ही माहिती दिली, तिचा आपण पुरेपूर उपयोगसुद्धा करत नाही. शेकडो पानांच्या अहवालातून बाटलीवर एक रंग उतरतो, आणि तोही कुणी बघत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

गोठा_दवाखाना

मी पशुवैद्य. एका जातीचा आकडा दुसरीला लावण्याबद्दल दोन उदाहरणं.

परमेथ्रिन. हे पायरेथ्रॉइड गटातलं रसायन उंदीर आणि कुत्रा बऱ्यापैकी सहन करतात. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावलं की मांजर काही तासांत थरथरायला लागतं, झटके येतात, उपचार न मिळाले तर मरतं. असे रोगी दवाखान्यात येतात. मांजराच्या यकृताला ते रसायन बांधून बाहेर टाकण्याची एक वाट फारच कमी आहे. माशांना तर पायरेथ्रॉइड अत्यंत घातक. ओढ्यात पंप धुणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

दुसरं, इजिप्त, १९७१. कपाशीवर लेप्टोफॉस नावाचं ऑर्गेनोफॉस्फेट फवारलं आणि हजारावर म्हशींचे पाय गेले, मेल्या. याला उशिरा येणारा पक्षाघात म्हणतात. विषबाधेची पहिली लक्षणं ओसरतात किंवा मुळात दिसतच नाहीत, आणि दोन-तीन आठवड्यांनी मागचे पाय लुळे पडतात. लांबच लांब चेतातंतू टोकाकडून झडत येतात. उंदरांत हा प्रकार सहजासहजी दिसत नाही. कोंबडीत दिसतो. म्हणून ऑर्गेनोफॉस्फेटांसाठी मोठ्या वयाच्या कोंबड्यांवर वेगळी चाचणी करतात आणि २१ दिवस त्यांची चाल बघतात. माणूस या बाबतीत कोंबडीच्या बाजूचा. १९३० मध्ये अमेरिकेत जमैका जिंजर नावाच्या अर्कात याच कुळातल्या रसायनाची भेसळ झाली होती आणि हजारो लोकांचे पाय गेले.

सरळ_प्रश्न

सगळं ठीक आहे, पण हे आकडे शेवटी कंपनीच देते ना? कंपनीचाच माल, कंपनीच्याच पैशाने अभ्यास. त्यावर विश्वास का ठेवायचा?

शेवंती

प्रश्न रास्त आहे, आणि इतिहासात त्याला भक्कम आधार आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाची प्रयोगशाळा होती, त्या देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. १९७६ मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या एड्रियन ग्रॉस यांनी तिथले कागद तपासले. मेलेले प्राणी पुढच्या पानावर जिवंत, न केलेल्या तपासण्यांचे निकाल लिहिलेले. पाणी देणारी यंत्रणा बिघडलेल्या एका खोलीत उंदीर इतके सडायचे की नोंदीत त्यासाठी खास संक्षेप वापरात होता. बाजारात असलेल्या कितीतरी कीटकनाशकांच्या मंजुऱ्या या प्रयोगशाळेच्या आकड्यांवर उभ्या होत्या. १९८३ मध्ये तिथले अधिकारी न्यायालयात दोषी ठरले.

आजची उत्तम प्रयोगशाळा प्रणाली, म्हणजे जीएलपी, या प्रकरणातूनच जन्माला आली. उंदराचं वजन केलं की त्याच क्षणी शाईने नोंद, सही आणि तारीख. खोडायचं तर एकच रेघ मारून, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी कारण. काम करणाऱ्यांशी संबंध नसलेला गुणवत्ता विभाग कधीही येऊन कच्ची वही मागतो. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-स्वीकृती व्यवस्थेचा पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे इथला अभ्यास तिथे चालतो आणि तिथले तपासनीस इथे येतात. या प्रणालीने खोटेपणा अवघड होतो. पण कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणता नाही, हे ती ठरवत नाही. तिथे तुमचा संशय मला मान्य आहे. संपूर्ण अहवाल सर्वांना बघायला खुले असावेत या मताची मी आहे.

दशपर्णी

म्हणूनच मी दहा वर्षं रासायनिक काही वापरत नाही. दशपर्णी अर्क आणि तंबाखूचा काढा. निसर्गातलं असल्याने डोस वगैरे बघायची गरजच नाही.

शेवंती

दशपर्णी, तुमच्या दशपर्णी अर्काबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तंबाखूचा काढा हातमोज्यांशिवाय करू नका, कळकळीने सांगते. त्यातल्या निकोटीनचा उंदरांतला आकडा ५० च्या आसपास आहे, म्हणजे क्लोरपायरिफॉसपेक्षा जहाल, आणि ते कातडीतून झपाट्याने आत जातं. निकोटीन सल्फेट कीटकनाशक म्हणून भारतात वापरायला बंदी आहे. काढ्यात निकोटीन किती उतरलं हे तुम्हाला मोजताही येत नाही, आणि बाटलीवर असतो तो त्रिकोणही त्या पातेल्यावर नसतो. लहान मुलांना त्या दिवशी आसपास फिरकू देऊ नका.

अंगणवेल

आता सगळं वाचलं. मुलांचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमचं घर शेतालाच लागून. मुलगी तीन वर्षांची. बाबा फवारणी करून आले की ती आधी त्यांच्या अंगावर उडी मारते. वजनाच्या हिशेबाने तिच्यासाठी मात्रा कमी धरायची एवढंच, की आणखी काही?

शेवंती

अंगणवेल, वजनाचा हिशेब पुरत नाही, आणि हे प्राण्यांतूनच नीट कळलं. डेल्टामेथ्रिन या पायरेथ्रॉइडचा १९९४ मधला अभ्यास आहे. प्रौढ उंदरांत एलडी५० आला ८१. २१ दिवसांच्या पिलांत ११. ११ दिवसांच्या पिलांत ५.१. हे आकडे आधीच दर किलोमागचे आहेत, म्हणजे पिल्लू लहान आहे हे त्यात धरलेलं आहे. तरी सोळा पट फरक. मेंदूत पोचलेलं रसायन जवळपास तितकंच असताना पिल्लू आणि प्रौढ सारखेच आजारी दिसतात. फरक पडतो तो ते तोडून टाकणाऱ्या एन्झाइमांचा, ती पिलांत अजून पुरेशी तयार झालेली नसतात. क्लोरपायरिफॉसचंही तसंच : सात दिवसांच्या पिलांना मरण न येता सहन होणारी कातडीखालची मात्रा ४५, प्रौढांना २७९. अशाच पुराव्यांमुळे अमेरिकेने १९९६ च्या कायद्यात मुलांसाठी नेहमीच्या १०० वर आणखी १० पट राखीव अंतर घातलं.

घाबरून जाऊ नका. तीन वर्षांच्या मुलीची एन्झाइमं तान्ह्या बाळापेक्षा खूप पुढे गेलेली असतात. पण बाबांनी आधी बाहेरच कपडे उतरवावेत, साबणाने अंघोळ करावी, मग तिला उचलावं. ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका, आणि धुणारीच्या हातात मोजे हवेत.

पऱ्हाटीवाला

ताई, अजून एक. आम्ही पंपात स्टिकर टाकतो, कोणी साबणाचं पाणी टाकतं, की पानाले चांगलं चिकटावं. आणि मागच्या सालची उरलेली बाटली कोठ्यात पडून असते, तीबी वापरतो. यानं आकड्यात फरक पडते का?

शेवंती

पडतो दादा, आणि दोन्हीकडून पडतो.

सायपरमेथ्रिनचं बघा. पाण्यात कालवून उंदराला दिलं तर एलडी५० ४,००० च्या पुढे जातो. मक्याच्या तेलात दिलं तर २५०. रसायन एक, प्राणी एक, बदललं फक्त माध्यम. एका आकड्याने निळा त्रिकोण मिळाला असता, दुसऱ्याने पिवळा. पानाच्या मेणात शिरायला जे मदत करतं, ते कातडीच्या मेदातूनही आत न्यायला मदत करू शकतं. स्टिकर टाकलंत तर अंग जास्त झाका, एवढं नक्की.

जुन्या बाटलीबद्दल पाकिस्तानात १९७६ साली जे घडलं ते सांगते. मलेरियाविरुद्ध घराघरांत मॅलॅथिऑन फवारणारे सुमारे ७,५०० कामगार होते. मॅलॅथिऑन म्हणजे उंदरांत २,००० च्या आसपासचा आकडा, सौम्यांत गणलं जाणारं. त्यातल्या सुमारे २,८०० जणांना विषबाधा झाली, किमान ५ गेले. वापरलेल्या काही पावडरींत मॅलॅथिऑनचं रूप बदलून आयसोमॅलॅथिऑन तयार झालं होतं. ते स्वतः किती विषारी हा भाग वेगळा. मॅलॅथिऑन तोडणारं यकृतातलं एन्झाइम त्याने बंद पाडलं, आणि सौम्य रसायन जहाल झालं. उष्ण कोठ्यात, पत्र्याखाली पडलेल्या बाटलीत आता नेमकं काय आहे हे वरच्या लेबलवरून कळत नाही. मुदत उलटलेलं वापरू नका.

सॅक्रामेंटोकर

मी कॅलिफोर्नियात शेती-सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते, मूळची नाशिकची. वर २० टक्क्यांचा उल्लेख आला, म्हणून लिहिते. इथे ऑर्गेनोफॉस्फेट आणि कार्बामेट (हेच एन्झाइम अडवणारा दुसरा गट) नियमित हाताळणाऱ्या कामगारांचं कोलिनेस्टरेझ तपासणं १९७४ पासून मालकावर बंधनकारक आहे. हंगामाआधी त्या माणसाचा स्वतःचा मूळ आकडा घेऊन ठेवतात. पुढे तो मूळच्या ८० टक्क्यांखाली गेला की कामाच्या पद्धतीची तपासणी. तांबड्या पेशींतला ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांवर आला की त्या माणसाला ते काम बंद, भरून येईपर्यंत. लक्षणं नसली तरीही. पिंजऱ्यातल्या ठणठणीत दिसणाऱ्या उंदराच्या रक्तात जे सापडतं, तेच इथे माणसात वेळेवर शोधतात. आपल्याकडे निदान कपाशीच्या पट्ट्यात हे व्हायला काय हरकत आहे?

तालुका_डॉक्टर

हरकत काहीच नाही, व्हायलाच हवं. मी विदर्भातल्या ग्रामीण भागात काम करतो. आमच्याकडे माणूस येतो तेव्हा बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. आम्ही त्रिकोण बघत बसत नाही. अ‍ॅट्रोपिन हा उतारा सुरू करतो आणि छाती कोरडी होईपर्यंत देत राहतो. नातेवाइकांना एक विनंती : बाटली किंवा तिचा फोटो घेऊन या. ऑर्गेनोफॉस्फेट की पायरेथ्रॉइड, यावर पुढचे उपचार ठरतात. आणि रोगी सुधारला म्हणून दुसऱ्या दिवशी घरी न्यायची घाई करू नका. एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. हे श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये नीट मांडलं, आणि आम्ही ते वॉर्डात बघतो.

कोलिनेस्टरेझची अडचण अशी की माणसामाणसांत मूळ पातळी बरीच वेगळी असते. विषबाधेनंतर आलेला आकडा "नॉर्मलच्या आत" असू शकतो आणि तरी तो त्या माणसाच्या निम्म्यावर आलेला असतो. आधीचा आकडा नसेल तर आम्ही आंधळे.

पऱ्हाटीवाला

डॉक्टरसाहेब, आमच्या गावात फवारणीवाले वीस-पंचवीस जण असतील. त्यांचा हा मूळ आकडा काढायचा तं कधी, कुठं?

तालुका_डॉक्टर

शेवटच्या फवारणीनंतर निदान ३० दिवस मोकळे गेलेले असावेत, म्हणजे तुमच्याकडे मे महिना किंवा जूनची सुरुवात, पेरणीच्या आधी. शक्यतो काही दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त द्या आणि सरासरी धरा. दोन्ही वेळा आणि पुढेही तीच प्रयोगशाळा, तीच पद्धत. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. नमुना बर्फात न्यावा लागतो. हातावर रसायन असेल तर नमुना बिघडतो, म्हणून कोपरापर्यंत साबणाने धुऊन मगच सुई. प्रत्येकाच्या कार्डावर तारीख, आकडा आणि पद्धतीचं नाव लिहून कार्ड त्याच्याकडेच द्या. ऑगस्टमध्ये, फवारण्या जोरात असताना, पुन्हा तपासा. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे एक अर्ज करा, वीसच्या वीस सह्या घेऊन. मसुदा मी उद्या इथेच टाकतो.

पऱ्हाटीवाला

टाका साहेब. सह्या मी आणतो.